टबीथाचे अंगरखे : आजीचं जीवनवृत्त कसं लिहावं

मयताच्या दिवशी पाळकसाहेब घरातल्या कुणाला तरी बाजूला घेतात आणि म्हणतात, "आईंची थोडी माहिती लिहून द्या, उपासनेत वाचायला लागेल." मग एखादा नातू वहीचा कागद फाडून घेतो. जन्म, बाप्तिस्मा, लग्न, मुलं, सुना, नातवंडं, नोकरी, आणि शेवटी एक ओळ : 'त्या अत्यंत प्रेमळ, प्रार्थनाशील व सेवाभावी होत्या.' त्या घटकेला तेवढंच सुचतं आणि तेवढं पुरतंही. पण तोच कागद पुढे पहिल्या स्मरणदिनाला वाचला जातो, तोच मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, स्मरणिकेत छापला जातो, आणि पणतवंडांच्या हाती आजीचं म्हणून तेवढंच उरतं. ती शेवटची ओळ तर कुणाच्याही आजीला लावता येते.

माझी आजी गेली त्यानंतरच्या वर्षभरात मी तिचं जीवनवृत्त लिहिलं. आमचं मूळ गाव नेवासे तालुक्यात, वडाळा मिशनच्या बाजूला. आजी मिशनच्या शाळेत शिकवायची, त्यामुळे सगळं गाव तिला 'बाई' म्हणायचं. आजोबासुद्धा चारचौघांत 'बाई'च म्हणत. ते लिहिताना जे उपयोगी पडलं ते इथे सांगते. आमची मंडळी जुन्या अमेरिकन मराठी मिशनची, म्हणून माझी उदाहरणं तिकडची आहेत. तुम्ही मिरजेकडचे असा, केडगावचे असा, नाहीतर वसईचे, थोडा फरक करून हे तुम्हालाही चालेल.

सुरुवात करण्याआधी बायबलातल्या प्रेषितांच्या कृत्यांचा नववा अध्याय काढून ३६ ते ४२ या ओव्या वाचा. यापो गावात टबीथा नावाची शिष्या मरण पावते आणि येशूचा शिष्य पेत्र याला लोदहून बोलावणं जातं. तो माडीवर येतो तेव्हा गावातल्या विधवा त्याच्याभोवती रडत उभ्या राहतात आणि टबीथाने त्यांच्यात असताना शिवलेले अंगरखे त्याला दाखवतात. ती किती चांगली होती यावर त्यांचं एकही वाक्य तिथे नाही. कपडे पुढे केले, पेत्राला कळलं. जीवनवृत्त लिहिण्याची याहून चांगली रीत मला माहीत नाही. माझ्या वहीच्या पहिल्या पानावर मी हाच उतारा लिहून ठेवला होता, आणि आजीबद्दल कुणी एखादा गुण सांगितला की पुढचा प्रश्न ठरलेला : याचा अंगरखा कुठे आहे?

आमच्या आजीच्या बाबतीत तो अक्षरशः सापडला. वस्तीवर कुणाकडेही बाळ जन्मलं, की जुन्या लुगड्याची हातभर गोधडी घेऊन आजी बाराव्या दिवसाच्या आत तिथे हजर. घर ख्रिस्ती आहे का मराठ्यांचं, धनगरांचं का मुसलमानांचं, हे तिने कधी पाहिलं नाही. चार कोपऱ्यांना चार रंगांचे त्रिकोणी तुकडे लावायची, ती तिची खूण. मी गावात फिरून विचारलं तेव्हा काही घरांतून त्या गोधड्या निघाल्या; एका घरात तर त्याच गोधडीवर आता तिसरी पिढी निजते. मी त्यांचे फोटो काढले आणि प्रत्येक फोटोखाली ते बाळ आज काय करतं ते लिहिलं. 'सेवाभावी' हा शब्द नंतर कुठे लिहावाच लागला नाही.

आधी ट्रंक उघडा

घरच्यांची घाई असते. चाळिसाव्या दिवसाच्या आत कपाट रिकामं होतं, साड्या वाटल्या जातात, 'रद्दी' निघते. तेव्हा पहिली विनंती ही, की काही महिने आजीचा एकही कागद बाहेर जाऊ देऊ नका. रॉकेलच्या पावत्या, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, पोस्टाचं पासबुक, मनीऑर्डरच्या पोचपावत्या, सगळं एका पत्र्याच्या पेटीत ठेवा. आजी दर महिन्याला कुणाला पैसे पाठवत होती हे आमच्या घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. ते पोचपावत्यांवरून कळलं : वसतिगृहात शिकणाऱ्या एका मुलीची फी ती भरत होती, आणि ती मुलगी आमच्या नात्यातली नव्हती.

यातला सगळ्यात मोठा खजिना म्हणजे आजीचं पवित्र शास्त्र, तिचं बायबल. आपल्या आज्या शास्त्रात लिहितात. पहिल्या कोऱ्या पानावर मुलांचे जन्म आणि बाप्तिस्मे असतात, समासात तारखा असतात, कुठे पेन्सिलची रेघ. ते पुस्तक उजेडात, खिडकीपाशी ठेवून पानापानाचे मोबाइलवर फोटो घ्या. बांधणी सैल झाली असेल तर पुस्तक पूर्ण उघडून दाबू नका आणि फाटक्या पानांना चिकटपट्टी लावू नका. काही वर्षांत ती पिवळी पडते आणि अक्षर घेऊन निघते. पानांत ठेवलेली फुलं, तिकिटं, चिठ्ठ्या जिथे असतील तिथेच असू द्या, कारण जागेलाही अर्थ असतो. आमच्या आजीच्या शास्त्रात १२१व्या स्तोत्रापाशी ('मला साहाय्य कोठून येईल?') पुण्याच्या एस.टी.चं तिकीट होतं. आजोबांचं ऑपरेशन पुण्यात झालं होतं हे माहीत असल्याशिवाय त्या तिकिटाचा काही अर्थ लागत नाही. म्हणून फोटो काढताना शेजारी घरातलं कुणीतरी मोठं माणूस बसवा आणि त्यांचं बोलणं रेकॉर्ड होऊ द्या.

गीतपुस्तकही असंच पाहा. कोणती पानं सर्वांत मळकी आहेत ते बघा. त्यावर तिच्या बोटांचं तेल आहे. मळक्या पानांचे गीतक्रमांक लिहून घ्या. स्मरणाच्या उपासनेत कोणती गीतं घ्यायची हा प्रश्न तिथेच सुटतो.

जुन्या फोटोंच्या मागे बॉलपेनने लिहू नका, पुढच्या बाजूला वळ उमटतात. मऊ शिसपेन्सिलीने हलक्या हाताने नावं लिहा, डावीकडून उजवीकडे.

तारखा कुठे मिळतात

जन्मतारखेपासूनच घोळ सुरू होतो. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये आपल्या आजी-आजोबांची तारीख बऱ्याचदा १ जून असते, कारण शाळा जूनमध्ये सुरू व्हायची आणि मास्तर अंदाजाने वय धरून तीच तारीख टाकायचे. ती प्रमाण मानू नका. मंडळीची बाप्तिस्म्याची वही जास्त भरवशाची. बाप्तिस्मा बाळपणी झाला असेल तर जन्म त्याच्या थोडाच आधीचा असणार. लग्नाची आणि दफनाची वही वेगळी असते. पाळकांना आधी भेटा, कारण सांगा, स्वच्छ हाताने पानं उलटा, आणि घरच्या नोंदी सोडून दुसऱ्यांच्या नोंदींचे फोटो काढू नका.

वही शोधताना मंडळी त्या काळी कोणत्या नावाची होती ते आधी बघावं लागतं. उत्तर भारतीय मंडळी, म्हणजे सी.एन.आय., २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला स्थापन झाली. त्याआधीच्या वह्यांवर जुन्या मिशनचं किंवा जुन्या मंडळीचं नाव असणार. पुष्कळदा त्या वह्या गावच्या छोट्या चर्चमध्ये नसून जवळच्या मोठ्या मिशन ठाण्यावर नेऊन ठेवलेल्या असतात. आमच्या भागात अमेरिकन मिशनऱ्यांचं काम १८३१ साली अहमदनगरला, आजच्या अहिल्यानगरला, सुरू झालं. त्यांना पाठवणाऱ्या अमेरिकन बोर्डाची जुनी पत्रं आणि अहवाल आज हार्वर्ड विद्यापीठाच्या हॉटन ग्रंथालयात आहेत. आपल्या आजीचं नाव त्यात असेलच असं नाही, पण तिच्या शाळेचं, तिच्या गावाचं नाव असू शकतं. १८४२ साली नगरहून सुरू झालेल्या 'ज्ञानोदय' या ख्रिस्ती नियतकालिकाचे जुने अंक कुणाच्या घरी असतील तर तेही चाळा. वसईकडच्या कॅथलिक वाचकांसाठी एक गोष्ट : धर्मग्रामाच्या (पॅरिशच्या) बाप्तिस्मा-वहीत त्याच नोंदीच्या समासात पुढे झालेल्या लग्नाचीही नोंद करण्याची रीत आहे, त्यामुळे एका पानावर दोन तारखा मिळतात.

पणजीपर्यंत मागे जाताना काही घरांत वाट अचानक संपते. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दुष्काळांत कितीतरी पोरकी मुलं मिशनच्या अनाथाश्रमांत आणि पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये आली. माझ्या आजीची आई त्यांपैकीच एक. तिच्या आईवडिलांचं नाव आम्हाला मिळालं नाही. मी तसंच लिहिलं : 'आईवडिलांचं नाव ठाऊक नाही, दुष्काळात आली.' तिथे एखादं नाव रचून घालण्याचा मोह होतो, घरातली माणसंही सुचवतात. तसं करू नका. ती रिकामी जागाच त्या मुलीचा इतिहास आहे.

ज्या गोष्टींना कागद नाही त्यांच्यासाठी सगळ्यांना ठाऊक असलेल्या घटना धरा. "कोणत्या साली?" असं विचारलं की माणसं गप्प होतात. "गांधींना मारलं तेव्हा तुम्ही कुठल्या घरात राहत होता?" "पानशेत फुटलं त्याच्या आधी की नंतर?" "कोयनेचा भूकंप झाला तेव्हा धाकटा झाला होता का?" असं विचारा. १९४८, १९६१, १९६७ ही सालं आपोआप जागेवर बसतात. आमच्याकडे सगळ्यांत मोठी खूण म्हणजे १९७२चा दुष्काळ. तो विषय निघाला की म्हाताऱ्या माणसांना महिना तर आठवतोच, खाल्लेलंही आठवतं.

माणसांना बोलतं करा

नातेवाइकांना भेटायला जाल तेव्हा 'आजी कशी होती?' हा प्रश्न विचारू नका. उत्तर ठरलेलं : 'फार मायाळू, देवमाणूस.' त्याऐवजी हातात काहीतरी द्या, एखादा फोटो, तिचा चष्मा, तिची कात्री. आणि लहान प्रश्न विचारा. सकाळी उठल्यावर पहिलं काय करायची? कुणाचं नाव निघालं की तिचा चेहरा पडायचा? नाताळच्या आदल्या रात्री करंज्या कोण लाटायचं, कोण तळायचं, गाणी म्हणणारी मुलं दारात आली की त्यांना काय द्यायची? कशावरून रागवायची? शेवटच्या प्रश्नाला मिळालेलं उत्तर हमखास ऐकण्यासारखं असतं. आमच्या आजीला उपासनेला उशिरा येणाऱ्यांचा राग नव्हता; राग होता तो पहिल्या बाकावर जागा धरून ठेवणाऱ्यांचा.

एका माणसाशी बोलण्यापेक्षा दोन म्हाताऱ्या बायका एकत्र बसवा. एक सांगते, दुसरी खोडते, आणि खरं त्या दोघींमधून बाहेर येतं. माझ्या आत्या आणि आजीची शाळेतली सोबतीण अशा बसल्या होत्या. आत्या म्हणाली, दुष्काळात आई पाझर तलावाच्या कामावर मुलांना शिकवायला जायची. सोबतीण म्हणाली, "शिकवायला कुठली! बाया खडी फोडायच्या, त्यांची तान्ही पोरं बाभळीखाली ठेवायच्या. तुझी आई शाळा सुटली की ती पोरं सांभाळत बसायची. मिलोच्या भाकरीचा काला करून भरवायची." मिलो म्हणजे दुष्काळात रेशनवर आलेली लाल ज्वारी. शिकवण्याची गोष्ट ऐकायला जास्त शोभिवंत आहे. पण मी सोबतिणीचं लिहिलं, कारण तिने स्वतः पाहिलं होतं. सांगणाऱ्याने डोळ्यांनी पाहिलेलं कोणतं आणि ऐकलेलं कोणतं, ही खूण वहीत प्रत्येक ओळीशेजारी करून ठेवा.

चर्चबाहेरच्या माणसांकडेही जा. हे फार घरांत राहून जातं. आजीची सेवा बहुतेक वेळा मंडळीच्या भिंतीपलीकडे झालेली असते आणि तिथली माणसं स्मरणसभेला बोलवलेली नसतात. किराणा दुकानदार, दूधवाला, शेजारची काकू, तिने शिकवलेले विद्यार्थी. आमच्या गावच्या वारकरी बुवांनी मला सांगितलं की त्यांना पाटीवरची अक्षरं बाईंनी गिरवून घेतली होती, आणि त्या अक्षरांवर ते आज हरिपाठ वाचतात. हे वाक्य मी जसंच्या तसं घेतलं.

विश्वास कसा लिहायचा

इथे सगळ्यांची लेखणी अडते. आपण लगेच उपदेशाच्या भाषेत शिरतो : 'प्रभूवर अढळ विश्वास', 'प्रार्थनेचं सामर्थ्य'. हे शब्द खरे आहेत, माझ्यासाठीही खरे आहेत. पण आजीचा विश्वास आजीच्या तोंडून यायला हवा. ती प्रार्थना कशी करायची? कोणत्या शब्दांनी सुरुवात करायची, डोळे मिटून की उघडे ठेवून, बसून की चुलीपुढे उभ्याने? आजीची प्रार्थना गावाच्या वाटेने चालायची. आधी मारुतीच्या पारासमोरची घरं, मग विहिरीकडची, मग पांदीतली. "बापा, पांदीतल्या घरातलं पोर तापलंय, त्याच्याकडं बघ. त्याच्या बापाला दारूचा वीट येऊ दे." नगरी बोलीतली ही प्रार्थना मी प्रमाण मराठीत बदलली नाही. बदलली असती तर आजी त्यातून निघून गेली असती.

तिची एक ठरलेली गोष्ट होती. भाकरीचं पीठ काढलं की त्यातली एक मूठ वेगळ्या मडक्यात टाकायची, देवाची म्हणून. महिन्याअखेरीला ते पीठ ज्या घरी चूल पेटली नसेल तिथे जायचं. दशमांशावर, म्हणजे कमाईचा दहावा हिस्सा देवाला देण्यावर, कोणी भाषण दिलेलं मला आठवत नाही, मडकं आठवतं. तुमच्या आजीचंही असं काही असेलच. चर्चच्या दिव्यात तेल घालणं असेल, कबरस्थानातलं गवत काढणं असेल, आजाऱ्याच्या उशाशी वचन वाचणं असेल. ते रोज, आठवड्याला की वर्षातून एकदा, कोणत्या वेळी, काय हातात घेऊन, एवढं लिहिलं की पुरे.

उत्तर न मिळालेल्या प्रार्थनांनाही जागा द्या. आजीचा मधला मुलगा लहानपणी घटसर्पाने गेला. त्याच्या आजारपणातली तारीख शास्त्राच्या समासात आहे, त्यापुढे काही नाही, आणि नंतरचे कित्येक महिने समास कोरा आहे. मग एके दिवशी पुन्हा पेन्सिलची रेघ. मी त्या कोऱ्या महिन्यांवर मत मांडलं नाही, फक्त ते महिने नोंदवले. पौलाने तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात त्याची आजी लोईस आणि आई युनीके यांचा विश्वास आठवला आहे. पिढ्यांतून चालत आलेल्या विश्वासाबद्दल लिहायचं असेल तर ते वचन (१:५) वर घाला. पण त्या विश्वासाला जे पडझडीचे दिवस सोसावे लागले तेही खाली येऊ द्या.

अवघड पानं

दोन विषयांवर घरात वाद होईल. पहिला जातीचा. आमचे पूर्वज कोण होते, बाप्तिस्मा घेतल्यावर गावाने पाणी कसं बंद केलं, हे लिहायचं की नाही? माझं मत स्पष्ट आहे : लिहावं. ज्या विहिरीवर तिच्या आजोबांना चढू दिलं नाही, त्याच विहिरीकडच्या घरांसाठी माझी आजी रोज प्रार्थना करत होती. पहिली गोष्ट गाळली तर दुसरीची किंमत कुणाला कळणार? मात्र घरातल्या वडीलधाऱ्यांना आधी वाचून दाखवा. ज्यांनी ते भोगलं त्यांचा शब्द त्यावर शेवटचा.

दुसरा विषय घरातल्या भांडणांचा. आमच्या एका काकांनी मंडळीबाहेर लग्न केलं आणि आजी बराच काळ त्यांच्याशी बोलली नाही. त्यांना मुलगी झाल्यावर चार कोपऱ्यांची गोधडी घेऊन आजी स्वतः एस.टी.ने त्यांच्या दारात गेली. हे लिहू का, असं मी काकूंना विचारलं. त्या म्हणाल्या, "लिही, पण अबोलासुद्धा लिही. नाहीतर त्या आल्या त्याला काय अर्थ?" जिवंत माणसांची परवानगी तोंडी नको, त्यांना पान वाचायला देऊन घ्या. आणि कुणी नको म्हटलं, तर ते पान तुमच्या वहीत राहू दे, छापू नका.

लिहून झाल्यावर

उपासनेत वाचायचं आणि घरात ठेवायचं, असे दोन मजकूर करा. वाचायचा सात-आठ मिनिटांच्या वर नको; मोठ्याने वाचून घड्याळ लावा. त्यात जन्मापासून मरणापर्यंत सगळं कोंबू नका. दोन-तीन प्रसंग, एक वचन, एक गीत. नातवंडांची नावं वाचू नका, ती पत्रिकेत छापलेली असतातच. वाचायला घरातला असा माणूस निवडा ज्याचा गळा दाटून आला तरी आवाज पोचेल. मागच्या बाकांवरच्या म्हाताऱ्यांना ऐकू जाणं महत्त्वाचं, कारण त्याच आजीच्या वयाच्या. वाचन झाल्यावर पाळकांना आधीच सांगून थोडा वेळ मोकळा ठेवा, महिला मंडळातल्या बायकांना उठून बोलता यावं. त्या वेळी फोनचं रेकॉर्डिंग चालू असू द्या. आमच्याकडे सगळ्यांत चांगल्या आठवणी त्याच दहा मिनिटांत आल्या.

घरातला मजकूर कितीही लांब चालेल. अक्षर मोठं ठेवा, आजीच्या वयाच्या वाचकांना चष्म्याशिवाय वाचता येईल एवढं. झेरॉक्सवाल्याकडे स्पायरल बांधणी करून घ्या, छापखान्याचा खर्च करायची गरज नाही. एक प्रत मंडळीच्या कपाटात, बाप्तिस्म्याच्या वह्यांशेजारी ठेवायला द्या. एक तिच्या शाळेला. एक गोधड्या जपलेल्या घरांपैकी कुणाला तरी. फोटो आणि रेकॉर्डिंग एकाच मोबाइलवर ठेवू नका, दोन भावंडांकडे तरी असावीत. प्रत्येक प्रतीच्या शेवटी चार-पाच कोरी पानं बांधून घ्या आणि वर लिहा, 'यात चुकलेलं आणि राहिलेलं इथे लिहावं, खाली नाव व तारीख घालावी.' वर्षभराने त्या प्रती पुन्हा गोळा करा, कोऱ्या पानांवर आलेलं उतरवून घ्या आणि दुसरी आवृत्ती काढा.